टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली, तर उपवास करून ऑटोफॅजी वाढवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी एम.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या थोरल्या भावाला टीबीच्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले आणि कावीळ झाली. लिव्हरची इजा दाखवणारं एसजीपीटी ४८०, काविळीचं बिलिरुबिन ४.२. डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, थांबवली. तिनं वाचलं की औषधांनी लिव्हरला इजा होते तेव्हा ऑटोफॅजी, म्हणजे पेशीनं स्वतःचेच खराब भाग पचवणं, पेशींना वाचवते, आणि उपाशी राहिलं की ऑटोफॅजी वाढते. घरात आई गुरुवार आणि एकादशी धरायला सांगतेच आहे. मग दादानं उपवास करावेत का? आणि काही पेपरांत ऑटोफॅजी बंद पाडलेले उंदीरच जास्त तगले, ते कसं?

आधी दादाबद्दल. त्याला उपवास करू देऊ नका. एक गुरुवारसुद्धा नको. आईंना सांगा की देवाचं काही राहिलं असेल तर ते तो बरा झाल्यावर फेडेल, आत्ता त्याच्या ताटात चारी ठाव जेवण हवं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या ते अगदी बरोबर केलं. एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीपुढे आणि बिलिरुबिन दुपटीपुढे, ही जोडी आम्ही डॉक्टर फार गांभीर्यानं घेतो. हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी फार पूर्वी दाखवून दिलं की औषधानं लिव्हरच्या पेशींना इजा होऊन वर कावीळही झाली, तर साधारण दहातला एक रुग्ण हाताबाहेर जातो. म्हणजे दहातले नऊ बरे होतात, हेही लक्षात ठेवा. पण तो दहावा कोण, हे पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून एसजीपीटीपेक्षा आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासणीवर, लक्ष ठेवायचं.

आता तुमचा खरा प्रश्न. तो चांगला आहे, आणि तुम्ही फार्मसीच्या असल्यामुळे जरा खोलात जाऊन लिहिते.

लिव्हर आणि ऑटोफॅजी यांचं नातं जुनं आहे. बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द डूव यांना १९५० च्या दशकात लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, सापडले ते पांढऱ्या उंदरांच्या लिव्हरमध्येच. पेशी स्वतःचेच तुकडे गुंडाळून लायसोसोममध्ये पचवते या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव त्यांनीच १९६३ मध्ये दिलं. पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये या क्रियेची जनुकं शोधली आणि त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उंदराला एक-दोन दिवस उपाशी ठेवलं तर त्याच्या लिव्हरमधली पाव ते एक तृतीयांश प्रथिनं कमी होतात. पेशी घरातलं सामान मोडून चूल पेटवते, आणि त्यावर मेंदूला आणि रक्ताला साखर पुरवते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रोजचं काम मात्र साफसफाईचं. लिव्हरच्या एकेका पेशीत ऊर्जा बनवणारे हजार-दोन हजार मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यातला एखादा बिघडला की त्याच्याभोवती दुहेरी पडदा तयार होतो, पिशवी बंद होते, पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते आणि आतला माल विरघळतो. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाला निवडून उचलण्याच्या या प्रकाराला मायटोफॅजी म्हणतात. पिशवी तयार झाल्यापासून संपेपर्यंत लिव्हरमध्ये जेमतेम आठ-दहा मिनिटं लागतात.

औषधाची इजा समजून घ्यायला पॅरासिटामॉलसारखा दुसरा नमुना नाही. तुमच्या दादाचं औषध वेगळं आहे, तरी आधी हेच सांगते, कारण ऑटोफॅजीबद्दल ठामपणे जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक पॅरासिटामॉलवरच्या कामातून आलं आहे.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात एक तिशीची बाई आली. नऊ दिवसांचा कडक उपवास, त्यात चौथ्या दिवशी ताप. तिच्या नवऱ्यानं औषधांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. एक पट्टी पॅरासिटामॉल ६५० ची, दिवसातून चार. एक सर्दीची गोळी, तिच्यात पॅरासिटामॉल ५००, दिवसातून तीन. एक अंगदुखीची, तिच्यात पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून तीन. तीन वेगळी नावं, तीन रंग, आत औषध एकच. मी पट्ट्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचत कागदावर बेरीज केली, ती पाच ग्रॅमच्या वर गेली. निरोगी, जेवत्या माणसाला दिवसाची कमाल चार ग्रॅम. आणि ही बाई चार दिवस साबुदाण्याच्या दोन घासांवर होती. एसजीपीटी सहा हजारांच्या पुढे, आयएनआर ३.१.

त्या पाच ग्रॅमचं तिच्या लिव्हरमध्ये काय झालं? एरवी पॅरासिटामॉलचा मोठा हिस्सा ग्लुकुरोनाइड आणि सल्फेटशी जोडला जाऊन लघवीवाटे निघून जातो. पाच-दहा टक्के सीवायपी २ई१ या एन्झाइमच्या हाती लागतात आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा जहाल पदार्थ तयार होतो. पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन त्याला लगेच निकामी करतं. पण ग्लुकुरोनाइड बनवायला लागणारा कच्चा माल पेशीतल्या साखरेतून येतो, आणि ग्लुटाथायोनला लागणारं सिस्टीन अन्नातल्या प्रथिनांतून. उपाशी माणसात दोन्ही घटतात. म्हणजे सुरक्षित वाट अरुंद होते आणि धोकादायक वाटेवरचा पहारेकरीही दमलेला असतो. ग्लुटाथायोनचा साठा बराचसा रिता झाला की एनएपीक्यूआय प्रथिनांना, विशेषतः मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांना, चिकटतो. मग मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजनचे जळते कण ओकू लागतात, जेएनके नावाचं एन्झाइम चेतून मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं आणि आग आणखी भडकवतं. शेवटी मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला भोक पडतं, ऊर्जा बंद, पेशी फुटते.

ऑटोफॅजी इथे मध्ये येते. कॅन्सस विद्यापीठातल्या हाँग-मिन नी आणि वेन-शिंग डिंग यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं की पॅरासिटामॉल दिलेल्या उंदरांच्या लिव्हरमध्ये ऑटोफॅजी आपोआप वाढते. रॅपामायसिन या औषधानं ती आणखी वाढवली तर इजा कमी होते, क्लोरोक्विन या लायसोसोम अडवणाऱ्या औषधानं अडवली तर इजा जास्त. पुढच्या कामात त्यांनी हेही दाखवलं की एनएपीक्यूआय चिकटलेली प्रथिनं ऑटोफॅजी उचलून नेते. म्हणजे नुसता मोडका मायटोकॉन्ड्रियाच नाही, विष लागलेला मालही हलवला जातो.

विद्यार्थ्यांना मी एक स्लाइड दाखवते. लिव्हरच्या खंडिकेच्या, म्हणजे ज्या छोट्या भागांनी लिव्हर बनतं त्यातल्या एकाच्या, मधोमध शिर असते. पॅरासिटामॉलनं मेलेल्या पेशी या शिरेभोवतीच असतात, कारण सीवायपी २ई१ तिथेच सर्वात जास्त. फिकट, केंद्रक हरवलेल्या पेशींचं एक वर्तुळ. काठाकडे, जिथून रक्त आत येतं तिथे, पेशी शाबूत. बघणाऱ्याचं लक्ष मेलेल्या भागाकडे जातं. मी बोट ठेवते ते सीमेवर, जिथे मेलेलं संपतं आणि जिवंत सुरू होतं. उंदरांच्या लिव्हरमधली हीच सीमा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली तेव्हा तिथल्या पेशी ऑटोफॅजीच्या पिशव्यांनी भरलेल्या दिसल्या, आणि काही मायटोकॉन्ड्रिया स्वतःभोवती वळून पोकळ चेंडूसारखे झालेले. आग जिथे थांबली तिथेच ही झाडलोट चालू होती. मेलेल्या पट्ट्याला ऑटोफॅजीचा उपयोग झाला नाही, तिथला मारा तिच्या आवाक्यापलीकडचा होता. पण इजा पुढे किती पसरेल, हे ठरवण्यात या सीमेवरच्या पेशींचा वाटा असतो. ऑटोफॅजीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका चित्रात दिसतात असं मला वाटतं.

त्या बाईला आम्ही एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिलं. ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतं. वजनाच्या किलोमागे ३०० मिलिग्रॅम, तीन टप्प्यांत, एकवीस तासांत. पहिल्या आठ तासांत दिलं तर ते जवळजवळ हमखास वाचवतं, ती उशिरा आली होती, तरी वाचली. आता एक गोष्ट पाहा. त्याच २०१२ च्या प्रयोगांत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिल्यावर उंदरांतली पॅरासिटामॉलमुळे वाढलेली ऑटोफॅजी कमी झाली. सर्वात खात्रीचं औषध ऑटोफॅजी कमी करतं! कारण सरळ आहे, जळते कणच उरले नाहीत तर झाडलोटीची हाकही जात नाही. म्हणून वाढलेली ऑटोफॅजी दिसली की ती चांगली, घटलेली दिसली की वाईट, असा हिशेब मांडू नका. तापासारखंच आहे हे. ताप शरीराच्या झुंजीचा भाग असतो, पण ताप उतरला म्हणजे झुंज हरलो असं कुणी म्हणत नाही.

आता ते जास्त तगलेले उंदीर. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. याच कॅन्ससच्या गटानं फक्त लिव्हरमधून एटीजी ५ हे जनुक काढलं, म्हणजे तिथली ऑटोफॅजी बंद पाडली, आणि त्या उंदरांना पॅरासिटामॉलनं कमी इजा झाली. त्याच वर्षी टोकियोच्या एका गटाला एटीजी ७ काढलेल्या उंदरांत बरोबर उलटं दिसलं, ऑटोफॅजी नसताना इजा जास्त. दोन्ही गट भरवशाचे. मग?

पहिल्या उंदरांत काय झालं ते बघा. ऑटोफॅजी कायमची बंद असल्यामुळे पी६२ नावाचं प्रथिन, जे एरवी कचऱ्याबरोबर स्वतःही पचवलं जातं, ते पेशीत साचत गेलं. साचलेलं पी६२ कीप१ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. कीप१ चं काम एनआरएफ२ या तिसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवायचं. कीप१ अडकलं की एनआरएफ२ मोकळं सुटतं आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या, विष काढून टाकणाऱ्या एन्झाइमांची जनुकं सतत चालू ठेवतं. म्हणजे तो उंदीर ऑटोफॅजी नसल्यामुळे वाचला असं म्हणण्यापेक्षा, ऑटोफॅजी नसण्याची सवय झालेल्या लिव्हरनं आधीच दुसरी तटबंदी उभारून ठेवली होती म्हणून वाचला, असं म्हणा. पण तोच उंदीर पुढे पाहा. त्याचं लिव्हर सुजून कितीतरी पट मोठं होतं, त्यात दाह राहतो, आणि वय झालं की गाठी येतात. एका दिवसाच्या पॅरासिटामॉलच्या परीक्षेत तो पास झाला, बाकी सगळ्यात नापास.

पार्किनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पार्किन हे बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर ‘उचला’ अशी खूण करणारं प्रथिन. जन्मापासून पार्किन नसलेल्या उंदरांना पॅरासिटामॉलनं कमी इजा झाली. पण धडधाकट मोठ्या उंदरात तेच पार्किन अचानक कमी केलं, तर मायटोफॅजी घटली आणि इजा वाढली. जनुक तेच, औषध तेच. फरक एवढाच की एका शरीराला सावरायला वेळ मिळाला आणि दुसऱ्याला नाही. गोळी घेणारा आपला रुग्ण या दुसऱ्या उंदरासारखा असतो. त्याला इजा अचानक होते. म्हणून माझं मत असं की तीव्र इजेत ऑटोफॅजी बहुतांशी रक्षकच आहे, आणि कायमच्या काढून टाकलेल्या जनुकांचे प्रयोग वाचताना हा सवयीचा भाग नेहमी वजा करून वाचावा.

प्रयोग करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसवा, कारण या विषयातले निम्मे गैरसमज तिच्यामुळे झाले आहेत. रस्त्यावर घंटागाड्या जास्त दिसल्या म्हणजे कचरा जास्त उचलला जातोय, असं नसतं. कचरा डेपो बंद असला तरी गाड्यांची रांग रस्त्यावरच लागते. एलसी३-२ हे ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणारं प्रथिन. प्रयोगात त्याचा पट्टा जाड आला म्हणजे पिशव्या जास्त आहेत एवढंच कळतं. त्या जास्त बनतायत की शेवटी रिकाम्या होत नाहीत, हे नाही कळत. त्यासाठी लायसोसोम बॅफिलोमायसिन किंवा क्लोरोक्विननं मुद्दाम अडवायचं आणि अडवल्यावर पट्टा आणखी किती वाढतो ते पाहायचं. तो फरक म्हणजे प्रवाह. पी६२ ही सोबत मोजा, पण त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास नको, कारण एनआरएफ२ स्वतःच पी६२ जास्त बनवायला लावतं. आणि रुग्णाच्या लिव्हरमध्ये हे सगळं जिवंतपणी मोजायची सोय नाही. सुईनं काढलेला तुकडा म्हणजे एका क्षणाचा फोटो.

हा डेपो बंद पाडणारी औषधं खरोखर आहेत. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन घ्या. ते आम्लता शोधत लायसोसोममध्ये जाऊन बसतं आणि तिथे साचतं. लायसोसोमला मग मेद पचवता येत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अशा लायसोसोमचं चित्र आडव्या चिरलेल्या कांद्यासारखं दिसतं, थरावर थर. महिनोन्‌महिने हे औषध शरीरात राहतं, म्हणून गोळी बंद केल्यावरही एसजीपीटी लगेच उतरत नाही. एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ मधलं उदाहरण आहे. पेशींच्या प्रयोगांत मध्यम मात्रेला त्यानं मायटोकॉन्ड्रिया बिघडवले आणि ऑटोफॅजीनं ते सावरले, जास्त मात्रेला मात्र ऑटोफॅजीचीच साखळी अडली.

आता दादाच्या गोळ्या. भारतात औषधांनी होणाऱ्या लिव्हरच्या इजेत टीबीची औषधं सर्वात वर आहेत. देशभरातल्या रुग्णालयांच्या एका जाळ्यानं १२८८ रुग्णांची नोंद केली, त्यात जवळजवळ ४६ टक्के टीबीच्या औषधांचे होते, आणि सुमारे १४ टक्के आयुर्वेदिक, वनौषधी आणि तत्सम औषधांचे. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवा, कारण काविळीच्या रुग्णाला घरोघरी ‘लिव्हरचं टॉनिक’ सुरू होतं. गुळवेलीच्या सेवनानं लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आहेत. दादाला सध्या कसलाही काढा नको.

चार औषधांपैकी एथॅम्ब्युटॉल लिव्हरला जवळपास निर्धोक. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिघं संशयित. आयसोनियाझिडचं लिव्हरमध्ये अ‍ॅसिटिलेशन होतं, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त माणसांत ते एन्झाइम सावकाश चालतं. अशांत हायड्राझिनसारखे घातक पदार्थ जास्त काळ टिकतात. हायड्राझिन मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीला अडथळा करतं, म्हणजे इथेही सावरायचं काम मायटोफॅजीकडे येतं. इथपर्यंत पॅरासिटामॉलसारखंच. पण एक मोठा फरक आहे. पॅरासिटामॉलची इजा मात्रेवर चालते, पुरेसं घेतलं तर कुणालाही होते. आयसोनियाझिडची तशी नाही, ती काहींनाच होते, आठवड्यांनी होते, आणि तिच्यात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचाही हात दिसतो. काही रुग्णांच्या रक्तात आयसोनियाझिडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. जिथे बाहेरून टी-पेशी येऊन हल्ला करतात तिथे आतली झाडलोट कितीही चोख असली तरी पुरी पडत नाही. म्हणून पॅरासिटामॉलच्या उंदरावरून दादाच्या लिव्हरवर थेट उडी मारता येत नाही.

मग औषध देऊन ऑटोफॅजी वाढवता येईल का? रॅपामायसिन उंदरात चाललं हे खरं, पण माणसात ते अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. टीबीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे निखाऱ्यावर फुंकर. दुसरं, रॅपामायसिन ज्या एमटॉर या वाढीच्या प्रथिनाला अडवतं त्याच एमटॉरची गरज नवीन पेशी तयार व्हायला लागते. इजा झालेलं लिव्हर पुढच्या काही दिवसांत स्वतःला पुन्हा उभं करत असतं. त्या वेळी एमटॉर अडवला तर लिव्हरची वाढ मंदावते, हे प्राण्यांत स्पष्ट दिसलंय. इजेच्या पहिल्या काही तासांत जे उपयोगी, तेच चौथ्या दिवशी आडवं येऊ शकतं. आमच्याकडे रुग्ण येतो तो बहुतेक वेळा चौथ्या दिवसानंतरच.

टीबी आणि ऑटोफॅजीचं आणखी एक नातं आहे, ते तुम्हाला आवडेल. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, टीबीचे जंतू ऑटोफॅजीनं मारतात हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०१२ मध्ये असं दिसलं की आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड नीट काम करायला यजमान पेशीची ऑटोफॅजी चालू असावी लागते. म्हणजे ज्या गोळ्या दादाच्या लिव्हरला बाधल्या त्या त्याच्या फुप्फुसात ऑटोफॅजीच्या मदतीनंच जंतू मारत होत्या. इथे कुणालाही वाटेल की मग उपवास दुहेरी फायद्याचा. पण उपवासाला पत्ता लिहिता येत नाही. तो फक्त मॅक्रोफेजमध्ये किंवा फक्त बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर काम करत नाही. वर लिहिलेला आकडा आठवा, उपाशी उंदराच्या लिव्हरमधलं पाव प्रथिन जातं. टीबीनं आधीच वाळलेल्या माणसाचे स्नायू जातात, ग्लुटाथायोन जातं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं.

आणि याचे पुरावे उंदरांतले नाहीत, आपल्याच माणसांतले आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये टीबीच्या औषधांनी लिव्हरला इजा झालेल्या १७५ रुग्णांना औषधं पुन्हा सुरू करायच्या तीन पद्धती पडताळल्या, तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १९ जणांना पुन्हा इजा झाली, आणि तिन्ही पद्धतींत मोठा फरक नव्हता. फरक दिसला तो अल्ब्युमिनमध्ये. ते ज्यांचं आधीच कमी होतं त्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका जास्त. झारखंडमधल्या रेशन्स नावाच्या टीबी-पोषणाच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. दादाची नोंद निक्षय या सरकारी टीबी-पोर्टलवर झाली असेल तर पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपये त्याच्या खात्यात येताहेत ना, हेही बघा.

म्हणून जेवणाचं नीट लिहिते. काविळीत हळद बंद, तेल-तूप बंद, फक्त उसाचा रस आणि उकडलेलं, हे पथ्य आपल्याकडे घट्ट बसलंय. याची गरज नाही. डोळ्यांतला पिवळेपणा हळदीनं येत नाही. वरण-भात-तूप, भाकरी, उसळ, दही, अंडी खात असतील तर रोज दोन. मळमळ असेल तर एका वेळी थोडं, पण दर दोन-तीन तासांनी. उघड्यावरचा रस नकोच, त्यातून हिपॅटायटिस ए किंवा ई झाला तर आणखी गोंधळ. त्यावरून आठवलं, दादाचे हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई चे रिपोर्ट झालेत का ते विचारा. गोळ्या चालू असताना आलेली प्रत्येक कावीळ गोळ्यांचीच नसते. दारू पूर्ण बंद. ताप आला तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, कमी मात्रेत, आणि पट्टीच्या मागचं अक्षर तुम्ही स्वतः वाचून. काविळीची माळ बांधली तर इजा नाही, पण माळेवर विसंबून रक्ततपासणी टाळली तर आहे.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन इथे द्यायचं का? पॅरासिटामॉलइतका त्याचा पुरावा इथे नाही. केपटाऊनच्या एका चाचणीत टीबीच्या औषधांच्या इजेत त्यानं एसजीपीटी लवकर उतरलं नाही, मात्र रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. लिव्हर निकामी व्हायला लागून भान नुकतं ढळू लागलं असेल तर मी ते देते. दादाच्या आजच्या आकड्यांवर आग्रह धरणार नाही.

पुढे काय होईल ते सांगते, म्हणजे प्रत्येक पायरीला घाबरायला होणार नाही. टीबी गंभीर असेल तर मधल्या काळात एथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अशी लिव्हरला सौम्य औषधं डॉक्टर देतील, ती चुकवू नका. एसजीपीटी नॉर्मलच्या दुपटीखाली आणि बिलिरुबिन नॉर्मलला यायला काही आठवडे लागतात. मग एकेक औषध परत सुरू होतं, बहुधा आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, दर टप्प्याला एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. इजा कावीळ होण्याइतकी होती, त्यामुळे पायराझिनामाइड कदाचित परत देणारच नाहीत आणि कोर्स लांबवतील. घरात जुनी चार औषधांची एकत्र गोळी उरली असेल तर ती केंद्रावर परत करा. बरं वाटतंय म्हणून रुग्णानं तीच पुन्हा सुरू केली, असं मी पाहिलंय, आणि दुसऱ्या वेळची इजा पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात आली होती.

या आठवड्यात आयएनआर दोनदा करून घ्या, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. तो १.५ च्या पुढे गेला, उलट्या थांबेनात, दादा दिवसा झोपून रात्री जागा राहायला लागला, किंवा बोलताना शब्द चुकायला लागला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट न पाहता त्याच रात्री त्याला लिव्हरचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात हलवा.